बासरीखाली दडलेलं नाव

नांदेडला मी ज्या कॉलेजात शिकवते, त्याच्या मागच्या गल्लीत एका जुन्या वाचनालयाचा हॉल आहे. दर रविवारी दुपारी आम्ही काही जण तिथं माहितीपट दाखवतो. जगभरचे. कुठं खाणीच्या तोंडाशी ठाण मांडून बसलेल्या बायका, कुठं नदी विकायला निघालेलं सरकार, कुठं झोपडपट्टी उठवली की संध्याकाळी परत त्याच जागी पत्रे ठोकणारी माणसं. बघायला येतात ते निवृत्त बँकवाले, दोन-तीन नर्स आणि स्पर्धा परीक्षेची पोरं. पोरांतली निम्मी कूलरसाठी येतात, हे आम्हाला माहीत आहे. इंग्रजी सबटायटल सगळ्यांना झरझर वाचता येत नाहीत. म्हणून पडद्याच्या कडेला खुर्ची टाकून, माइक हातात घेऊन, खाली उमटणाऱ्या ओळी मी मराठीत सांगत जाते.

हे काम मला आवडतं. आमच्या या मंडळातले लोक समजतात की मला समाजसेवेची ओढ आहे. तसं काही नाही. कुठल्या तरी परक्या मुलखातली बाई कॅमेऱ्याकडं बघून कुणाला तरी तळतळून शाप देते आणि तो शाप माझ्या तोंडून नांदेडच्या हॉलमध्ये बाहेर पडतो, तेव्हा माझ्या जिवाला गारवा मिळतो. एका माहितीपटातल्या म्हाताऱ्या मला अजून दिसतात. त्यांची पोरं एका फौजी अधिकाऱ्यानं गायब केली होती. कोर्टात काही झालं नाही. मग त्या दर आठवड्याला त्याच्या घरासमोर जाऊन ताटल्या वाजवायच्या. त्याला हात लावत नव्हत्या, दगड मारत नव्हत्या. फक्त त्याच्या शेजाऱ्यांना सांगत होत्या, इथं कोण राहतंय ते. त्या दिवशी माइकवर माझा आवाज जरा जास्तच चढला होता.

याला कारण आहे. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. गावाबाहेर माळावर गायरान आहे, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. नुसता खडक. आमच्या बौद्ध वस्तीतल्या काही घरांनी तिथले धोंडे वेचून, ताली घालून तुकडे पिकाखाली आणले. त्यातला एक माझ्या माय-बापाचा. मी लातूरला होस्टेलवर राहून शिकत होते त्या हिवाळ्यात तिथं ज्वारी अशी आली होती, की बा फोनवर ज्वारीशिवाय दुसरं बोलतच नव्हता. दाणा दुधात भरला होता. आणि एका सकाळी गावच्या पाटलाच्या मधल्या मुलानं त्यात गुरं सोडली. गाव त्याला मालक म्हणायचं. बा आडवा आला, तेव्हा मालकानं स्वतःच्या हातानं काठी घातली. बाचा उजवा हात कोपरातून मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. ज्वारी संध्याकाळपर्यंत जमीनदोस्त. गुरं पोट फुगेस्तोवर खाऊन तिथंच बसली होती, असं माय सांगते. गुरांवर तिचा राग नाही.

केस झाली. ज्यांनी बघितलं होतं त्यांनी कोर्टात उभं राहून सांगितलं, आम्ही त्या दिवशी गावातच नव्हतो. मालक सुटला. सुटून आला तेव्हा वाजतगाजत आला.

केस चालू असतानाच एक दिग्दर्शक आमच्या गावात आला होता. पुण्याचा. खादीचा सदरा, मऊ बोलणं, जमिनीवर मांडी घालून बसायचा. माय त्याला भाकरी थापून घालायची, तो पिठलं मागून मागून खायचा. संघर्षावर माहितीपट करतोय म्हणाला, तुमचं म्हणणं जगापुढं नेतो म्हणाला. जेवायला आमच्याकडं आणि झोपायला मालकाच्या माडीवर. आमच्याकडं संडास नव्हता ना. मी सुट्टीला घरी होते. कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून मी मायसमोर उभी होते. त्यामुळं ती काय बोलली ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. ती मालकाचं नाव घेऊन बोलली होती. एकदा नाही, दर वाक्याला. जाताना दिग्दर्शक मायच्या पाया पडला. फिल्म झाली की आधी इथं आणून दाखवतो म्हणाला. पुन्हा आला नाही. बा वाट बघत होता. बा गेला.

मग गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या मंडळाकडं माहितीपटांचा एक संच आला. जगभरच्या लोकांचे लढे आणि त्यांचा चिवटपणा, असा विषय. मी माइक घेऊन बसले. पहिला दूरच्या एका बेटावरचा होता, दुसरा वीटभट्ट्यांवरचा. तिसरा सुरू झाला आणि पडद्यावर आमचा माळ दिसला. पाठोपाठ माझी माय. भिंतीएवढी. कपाळावरचं गोंदण बोटाएवढं झालेलं.

मी माइक खाली ठेवला. मराठीच बोलत होती, सांगायचं काय?

माय म्हणाली, “आमची ज्वारी दुधात आल्ती. आन् त्यात गुरं सोडले ते...” आणि इथं बासरी वाजायला लागली. मायचे ओठ हलत होते, वर बासरी. खाली इंग्रजीत ओळ आली, ‘काही लोकांनी’. पुढं माय म्हणाली, “माज्या नवऱ्याचा हात मोडला...” परत बासरी. दर वेळी नाव आलं की बासरी. गोड वाजवली होती.

मग स्वतः मालक आला. पांढरे कपडे, मागं तीच माडी. त्याच्या नावाखाली लिहिलं होतं, गावातील ज्येष्ठ शेतकरी. तो म्हणाला, मुकी जनावरं असतात, फिरत फिरत जातात, त्यावरून गैरसमज झाला, आम्ही इथं सगळे भावासारखे. आणि शेवटी परत माय. “ह्याच गावात ऱ्हायाचंय म्हनून गप हाय,” एवढं ऐकू आलं. त्यापुढं बासरी चढत गेली आणि खाली इंग्रजीत उमटलं, ‘जे झालं ते मी मागं टाकलं आहे.’ माय मावळत्या सूर्याकडं हळूहळू चालत जाते, हातात डबडं. संपलं.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. एक नर्स डोळे पुसत होती.

मी उठले. माइक घेतला. म्हणाले, “ही माझी माय आहे. बासरीच्या जागी एक नाव आहे. ते मी सांगते.” आणि सांगितलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पुढं म्हणाले, “आणि शेवटची ओळ खोटी आहे. माझी माय म्हणाली होती, इसरले न्हाई, मरंस्तोर इसरनार न्हाई. आणि ती सूर्याकडं चालली नव्हती. परसाकडं चालली होती.”

मंडळाचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण आपण जरा कलाकृती म्हणून बघायला पाहिजे.” मी त्यांना एवढंच विचारलं की तुमच्या घरच्या बाईच्या तोंडावर कुणी बासरी वाजवली तर तुम्ही कलाकृती म्हणून बघाल का. त्यांनी चहा मागवला.

दिग्दर्शकाचा नंबर मिळवायला वेळ लागला नाही. आवाज तसाच मऊ होता. माझी ओळख सांगितल्यावर त्याला खरंच आनंद झाला.

“अहो, तुमच्या आईंचा चेहरा कुठल्या कुठल्या देशात पोचला! लोक उभं राहून टाळ्या वाजवतात.”

“चेहरा पोचला सर. बोलणं कुठं पोचलं?”

“तेव्हा केस चालू होती. वकिलांनी नाव घेऊ नका म्हणून सांगितलं होतं.”

“केस संपून किती वर्षं झाली! त्यानंतर तरी?”

“फिल्म एकदा पूर्ण झाली की तिला हात लावता येत नाही हो. आणि खरं सांगू का, ही फिल्म सुडाची नाही. चिवटपणाची आहे. तुमच्या आईंमध्ये जी क्षमा आहे ना...”

मी पुढचं ऐकलं नाही. त्याला ओरडून शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. पण ताटल्या वाजवणाऱ्या त्या म्हाताऱ्या मला आठवल्या. मी आवाज अगदी गोड केला. “सर, गावाला दाखवायची राहिली होती ना. आता दाखवू. तुमचा सत्कार करू. तुम्ही या.”

तो लगेच हो म्हणाला. इतक्या वर्षांनी गावाला परत जाण्याचंही चित्रीकरण करू म्हणाला. मी म्हणाले, करा की.

तरी मायला विचारल्याशिवाय मी काही करणार नव्हते. लॅपटॉप घेऊन गावी गेले. तिनं स्वतःला पडद्यावर पहिल्यांदाच बघितलं. आधी हसली. “किती वाळल्ते गं मी.” बा मागं बाजेवर बसलेला दिसला तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मग बासरी आली.

“हे काय वाजून राहिलंय मधीच?”

“तू त्याचं नाव घेतलंस तिथं त्यांनी बासरी टाकली.”

तिनं परत लावायला सांगितलं. परत बघितलं. “म्हंजी जगात कुनालाच ठावं न्हाई, कोन ते?”

“नाही.”

“आन् हे खाली काय लिव्हलंय?”

मी सांगितलं. झालं ते मागं टाकलं, माफ केलं, असं लिहिलंय.

माय चुलीपाशी सरकली. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पाणी पिली. मग म्हणाली, “काठीनं तुज्या बापाचा हात मोडला. माजी तं जीबच कापली की गं.” आणि थोड्या वेळानं, “तुज्या त्या मशीनचा आवाज बंद करता येतो का?”

“येतो.”

“मग आवाज बंद कर. मीच बोलते.”

ग्रामपंचायतीची परवानगी मीच काढली. पुण्याचे मोठे दिग्दर्शक येणार, आपलं गाव परदेशात गाजलं, सत्कार, अध्यक्षस्थानी मालक. मालक आता म्हातारा झाला होता, सोसायटीत, बाजार समितीत त्याचा शब्द चालायचा. फिल्ममध्ये आपण आहोत हे त्याला माहीत होतं आणि कसे आहोत हेही माहीत असणार, कारण तो स्वतः माणसं गोळा करत फिरला. त्यानंच सोफा पाठवला. तो बघून माझा भाऊ घाबरला. “ताई, तू जाशील नांदेडला निघून. आमाला हितंच ऱ्हायाचंय.” त्याचं खरं होतं. मी मायकडं बघितलं. माय त्याला म्हणाली, “तू त्या दिशी दुकानावर बस. तुजं नाव यायचं न्हाई यात.” तो गेला नाही. प्रोजेक्टरची वायर त्यानंच ओढली.

दिवेलागण झाली तसा शाळेच्या मैदानावर पडदा टांगला. पुढं सोफ्यावर मालक, शेजारी दिग्दर्शक, बाजूला सरपंच. वस्तीतल्या बायका नेहमीप्रमाणे मागं बसायला निघाल्या, तर मी त्यांना पुढं सतरंजीवर आणून बसवलं. शाल, नारळ, फेटे झाले. दिग्दर्शकाचा सहायक कॅमेरा घेऊन सगळं टिपत होता. मालकानं भाषण केलं, गावाच्या एकोप्यावर. फिल्म लागली. पहिली काही मिनिटं आवाजासकट चालू दिली. मग मायचा चेहरा आला आणि भावानं आवाज शून्य केला.

लोक म्हणाले, आवाज गेला, आवाज गेला. माय उठली. पडद्याशेजारी उभी राहिली. मी तिच्या हातात माइक दिला. वर काळ्या केसांची ती बोलत होती, खाली पांढऱ्या केसांची ती बोलत होती.

“आमची ज्वारी दुधात आल्ती,” माय म्हणाली. “आन् त्यात गुरं सोडले ते ह्यानं.” तिनं नाव घेतलं. मी इथं ते लिहीत नाही. तिथं घेतलं गेलं ते पुरे आहे. नाव घेऊन तिनं बोट केलं, सोफ्याकडं. “काठी बी ह्यानंच घातली. दुसऱ्याला न्हाई घालाया लावली. सोताच्या हातानं.”

मालक उभा राहिला. “माइक बंद करा ते,” तो म्हणाला. कुणी हललं नाही. भाऊ प्रोजेक्टरपाशी तसाच बसून होता, दोन्ही हातांनी वायर धरून. दिग्दर्शकाच्या सहायकानं कॅमेरा मालकाकडं वळवला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण त्याला दुसरं सुचलं नसावं.

“बसा मालक,” माय म्हणाली. “आजून संपलं न्हाई. तुमचं बोलनं यायचंय पुढं.”

आणि खरंच पडद्यावर मालक आला, आवाजाविना, तोंड हलवत. आयुष्यात मी पुष्कळ माहितीपट पाहिले, पण तेवढं सुंदर दृश्य पाहिलेलं नाही. पडद्यावरचा मालक हात हलवून काहीतरी समजावतोय आणि खाली उभा असलेला मालक तोंड उघडतोय आणि मिटतोय. मला अजून हवं होतं. तो असाच तासभर उभा राहावा असं वाटत होतं.

तेवढ्यात बायकांच्या मागून एक म्हातारी उठली. मालकाच्याच भावकीतली, त्याची चुलती लागायची. केसमध्ये तिच्या घरच्यांनीही सांगितलं होतं की आम्ही गावात नव्हतो. ती म्हणाली, “खरं हाय ते. मी आमच्या घराच्या धाब्यावर चढून बघितलं होतं. काठी यानंच मारली.” आणि खाली बसली. बस्स, इतकंच. पण मालकाचं तोंड खरं उतरलं ते तिथं. आमच्याकडून नाव ऐकायची त्याला धास्ती नव्हती. घरच्या बाईकडून ऐकायची तयारी त्यानं केली नव्हती. तो निघाला. शाल सोफ्यावरच राहिली. माय पुढची वाक्यं बोलतच होती. शेवटचं वाक्य आलं तेव्हा तिनं माइक अगदी तोंडाला लावला. “ह्याच गावात ऱ्हायाचंय म्हनून गप होते. इसरले न्हाई. मरंस्तोर इसरनार न्हाई. आन् माफी मी कुनालाच दिली न्हाई, हे बी लिव्हून घ्या.”

दिग्दर्शक आमच्या दारात आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो मायच्या पायाशी बसला. “माझं चुकलं,” म्हणाला. “मला माफ करा.”

“जेवून जा,” माय म्हणाली. “पिठलं केलंय.”

“आधी माफ करा.”

“जेवाया घालीन. माफी न्हाई.”

तो जेवला. मान खाली घालून जेवला. हात धुताना सहायकानं विचारलं, आता इथं मुक्काम कुठं करायचा? माय म्हणाली, “झोपाया तिकडंच जावा की. माडी वळखीची हाय तुमच्या.” ते लातूरला निघून गेले. त्या वाक्यानं मला जेवढं सुख झालं तेवढं मालक उठून गेल्यावरही झालं नव्हतं.

पुढं काय व्हायचं ते झालंच. गायरानाच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकून वाट अडवली गेली. भावाचं दूध डेअरीत काही दिवस नासकं ठरत होतं. पोलीस चौकशीला आले, माइकची परवानगी होती का म्हणून. मी कागद दाखवला, त्यावर अध्यक्ष म्हणून मालकाचंच नाव. हवालदार हसू दाबत गेला. मालकाला कुणी अटक केली नाही, कोर्ट परत उघडलं नाही, जमीन अजूनही आमच्या नावावर नाही. पण फिल्ममधल्या बासरीची गोष्ट गावभर झाली आणि पोरांनी त्याचं नाव बासरी पाडलं. पारावरून तो निघाला की कुणीतरी ओठांशी आडवे हात धरायचं. त्याच्या शेतावरचे गडीसुद्धा. सोसायटीच्या निवडणुकीत त्याच्याच पॅनेलनं त्याला बाजूला ठेवलं. तब्येतीचं कारण सांगितलं. दिग्दर्शकानं फिल्म पुन्हा कापली. बासरी काढली, खालच्या ओळी माझ्याकडून लिहून घेतल्या. चुलतीचं बोलणंही शेवटी जोडलं. आता ती कुठं दाखवली जाते याची मला खबर लागते, आणि दर वेळी मी मनात म्हणते, आणखी एका गावाला कळलं.

नांदेडच्या मंडळात मला कुणी कुणी विचारतं, मॅडम, आता मन हलकं झालं असेल ना? मायलाही मी हे विचारलं होतं. ती तूर निवडता निवडता थांबून म्हणाली, “हलकं कशानं व्हईल? तुज्या बापाचा हात सरळ झाला का?” मग म्हणाली, “पर झोप लागून राहिली.”

मागच्या महिन्यात मी तिला डोळे तपासायला लातूरला नेत होते. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. समोरून मालक आला. एकटाच होता, हातात औषधाची पिशवी. आम्हाला बघून वळेल असं वाटलं, पण वळला नाही. जवळ येऊन थांबला. त्यानं हात जोडले आणि मायला म्हणाला, “जय भीम.”

जन्मभरात आमच्या वस्तीतल्या कुणालाही तो हे म्हणाला नव्हता. आमची माणसं दिसली की त्यांनीच राम राम घालायचा आणि त्यानं मान हलवायची, असाच तो वाढला होता. माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. समोरून जय भीम आला की आम्हाला गप्प बसता येत नाही, ती सवयच असते. मायनं माझ्या दंडाला चिमटा घेतला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. नीट, सावकाश, पायापासून डोक्यापर्यंत. हात जोडलेलेच होते त्याचे. मग तिनं मान वळवली आणि मला विचारलं, “लातूरची गाडी लागली का गं?”

“लागली.”

“चल मग, जागा धर. खिडकीची.”

आम्ही चढलो. गाडी सुटेपर्यंत तो तिथंच उभा होता. मी खिडकीतून बघत होते. माय बघत नव्हती. तिनं पिशवीतून शेंगा काढल्या होत्या आणि फोडून खात होती.

“माय, तू उलट जय भीम तरी म्हणायचं होतंस,” मी म्हणाले.

“म्हनू दे त्याला,” माय म्हणाली. “आजून लई येळा म्हनू दे.”